सोनबोडीची उरलेली दारं

परसबोडी गावात मनिरामच्या पुस्तकाला जेवढा मान मिळाला, तेवढा कुठल्या पुस्तकाला कुठल्या गावात मिळाला नसेल. फक्त ते कोणी वाचलं नव्हतं.

पुस्तकाचं नाव 'सोनबोडीची सात दारं'. चांगलं नऊशे पानांचं, हातात धरलं तर मनगट दुखावं असं. एका तळ्याच्या तळाशी सात दारं असतात, त्यांच्या पलीकडे पाण्याखालचं राज्य असतं. तहाण्या नावाचा राक्षस सगळं तळं पिऊन सातव्या दाराआड जाऊन बसतो आणि तळं खोदणाऱ्याची लेक लहरी ते पाणी परत आणायला एकेक दार उघडत खाली जाते, अशी ती गोष्ट. धानाची शेती सांभाळून, ऐन उमेदीची वर्षं घालून मनिरामनं ती लिहिली. गोंदियाहून छापून आली त्या दिवशी गावानं त्याला हार घातले, घरटी एक प्रत घेतली आणि आदरानं नेऊन देवाजवळ ठेवली. शालीकरामच्या घरी तर रोज सकाळी गणपतीसोबत पुस्तकालाही हळदकुंकू लागायचं. आता हळदकुंकू लावलेलं पुस्तक पाय पसरून वाचायचं तरी कसं?

देवाजवळ ठेवायच्या आधी बहुतेकांनी, शालीकरामनंही, उघडलं होतं, नाही असं नाही. मनिराम भेटला की विचारायचा, "कोठवर आलं जी?" समोरचा मोठ्या प्रेमानं सांगायचा, "हे का, तळ्याची पार बांधून राहिले ना लोक, तेथवर." सहा महिन्यांनी विचारलं तरी लोक पारच बांधत असायचे. चूक मनिरामचीच होती. त्याच्या आजोबा-पणजोबांनी या भागात तळी खोदली, आणि ते सगळं त्याला एकाच पुस्तकात सांगून टाकायचं होतं. पारीसाठी, म्हणजे तळ्याच्या बांधासाठी, माती कुठली घ्यावी, ती बैलांकडून कशी तुडवून घ्यावी, उतार कसा धरावा. पहिलं दार उघडायच्या आधी कितीतरी पानं नुसती माती. लेखकाला घरात कोणीतरी आवरणारं हवं असतं, ते असं. सगळं गाव चाळिसाव्या पानाच्या आसपास चिखलात रुतून बसलं होतं, आणि त्यापुढे पाण्याखालचे बाजार आहेत, उडत्या माशांची पालखी आहे, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

मनिराम त्यावर कधी कोणाला बोलला नाही. पण त्याच्या मनाला ते फार लागलं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, निदान शेवटपर्यंत जाऊन द्यायच्या, असं त्याला वाटायचं. गोष्टीचा शेवट ठाऊक असलेलं एकच माणूस गावात होतं, त्याची बायको धुरपताबाई. तिनं पुस्तक वाचलं नव्हतं, ऐकलं होतं. मनिराम बांधावर बसून मोठमोठ्यानं बडबडत लिहायचा आणि ती बाजूला निंदण करायची. तहाण्याचं शेवटी काय होतं ते तिला परह्याच्या, धानाच्या रोपांच्या, चिखलात उभ्या-उभ्या कळलं होतं.

मग घरात जावई आला.

मुलगी रेणू गोंदियाला शिकायला होती. तिथेच तिनं लगतच्या मुर्रीचा भूपेंद्र पसंत केला. भूपेंद्र लग्नांचे व्हिडिओ काढायचा, रेणू ते कापून जोडून गाणी लावायची, असं दोघांचं मिळून चाललं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई परसबोडीला आला. आता आपल्याकडे जावयाचं कसं असतं, त्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत. गावात मोबाईलला रेंज नाही. बिचारा खाटेवर पडून-पडून कंटाळला आणि उशाशी सापडलं ते पुस्तक वाचू लागला. मातीची पानंही त्यानं मुकाट्यानं पार केली, दुसरं करणार काय? तिसऱ्या दिवशी सकाळी तो तोंडही न धुता अंगणात आला.

"मामाजी," तो सासऱ्याला म्हणाला, "तहाण्याले लहरी शेवटी असं करते? सच में? मी तं रडलो ना जी!"

मनिरामच्या हातातली दात घासायची कडुनिंबाची काडी खाली पडली. गावात इतकी वर्षं वाट पाहिली तो वाचक खाटेवर निघाला होता. त्या दिवशी जावयाच्या ताटात एवढी तुपाची वाटी आली की भूपेंद्रलाच संकोच वाटला.

"याची फिलम काढतो मी," भूपेंद्र त्याच ताटावरून म्हणाला, आणि त्यानं खरंच काढली.

दोन उन्हाळे आणि मधला एक हिवाळा ते काम चाललं. लग्नाचे कॅमेरे होते, ड्रोन होता, वडशाच्या नाटकवाल्यांकडून मुकुट आणि तलवारी आणल्या. सगळं परसबोडी सैन्यात भरती झालं. शालीकरामचा देह धिप्पाड आणि आवाज भरदार, म्हणून तो तहाण्या झाला. त्याची पोरगी दामिनी लहरी झाली. घरात बापाच्या शब्दाबाहेर नसलेली पोरगी कॅमेऱ्यासमोर बापाच्या अंगावर तलवार घेऊन धावायची तेव्हा शालीकराम कौतुकानं आपले संवाद विसरायचा. जागा मिळेल तसं चित्रण केल्यामुळे कुठलं दृश्य कुठे बसणार ते कोणालाच कळत नव्हतं. आणि सातव्या दाराच्या आतलं दृश्य तर भूपेंद्रनं मुर्रीला आपल्याच गोदामात, फक्त दामिनीला आणि अंधारात एका परक्या पोराला घेऊन काढलं. दामिनीला रेणूनं शपथ घातली होती. बापानं खोदून-खोदून विचारलं, पण पोरगी बधली नाही.

घोळ झाला तो नंतर. रेणू लॅपटॉप घेऊन माहेरी आली. मनिरामच्या समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, साडेपाच तासांची झाली."

"मंग? नाटक नाही का रातभर चालत?"

"नाटकात लोक चहा प्यायले उठतेत, झोपतेत, लेकरं फिरवून आणतेत. ही फिलम हाये. दोन भाग करा लागतील. तीन दारं आपल्या मंडईत दाखवू, बाकी चार मुर्रीच्या मंडईत."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. या भागात प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. परसबोडीची आधी, मुर्रीची त्यानंतर आठवड्यानं. लेकी-जावई, सोयरेधायरे एका गावाची मंडई करून दुसऱ्या गावाला जातात, त्यामुळे रेणूचा हिशेब काही चुकीचा नव्हता.

मनिराम मात्र उठून उभा राहिला. "नाही जमत. चौथ्या दाराशी पोरगी उभी करून लोकायले घरी धाडता? उंबरठ्यावर कोणाले उभं ठेवते का कोणी?"

"थोडी राहू द्या ना जी उभी, मामाजी," भूपेंद्र मध्ये पडला. "लोक परत येतीन ना तिच्यासाठी. सिनेमावाले असंच करतेत."

"सिनेमावाल्यायचे लोक येत असतीन. हे परसबोडी हाये, जवाई. हे लोक पारीवरच बसून आहेत अजून."

रेणूनं बापाकडे नीट पाहिलं. "बाबा, तुमाले भेव वाटून राहिला."

"हो, वाटून राहिला!" मनिराम म्हणाला. जावयासमोर आवाज चढला म्हणून लगेच खाली बसला आणि हळू बोलू लागला. "एकदा अर्ध्यात सोडलं यायनं. म्या सहन केलो. आता पुन्हा अर्ध्यात सोडलं, तं मंग माही गोष्टच खराब हाये असं होते. एकसाथ दाखवा. बसले की बसतीन."

"मंग एकच अडीच तासाची करतो," रेणू शांतपणे म्हणाली. "पण तीन-चार दारं काढा लागतीन. कोणते काढू ते तुमीच सांगा."

पोरगी बापावरच गेली होती, नेमकं कुठे धरायचं ते तिला कळायचं. मनिराम विचार करायला तळ्यावर गेला. दुसरं दार काढलं तर पाण्याखालचा बाजार जातो, आणि त्या बाजारात गावच्या सगळ्या बाया दुकानं मांडून बसल्या होत्या. पाचवं काढलं तर उडत्या माशांची पालखी जाते, जिच्यासाठी पोरांनी बांबूच्या कामट्या सोलून हात कापून घेतले होते. सहावं दार काढायचं म्हणावं तर त्यात धुरपताबाई होती, सांगाड्यांची राणी म्हणून एकदाच दिसायची आणि एकच वाक्य बोलायची, पण त्या वाक्यासाठी तिनं पातळ बदलून सात वेळा चित्रण करायला लावलं होतं. ते दार काढून घरी जेवायला कोणत्या तोंडानं बसायचं?

संध्याकाळी तो परत आला. "करा दोन," म्हणाला. "पण एक सांगतो. मातीतली पानं सगळी काढलीस तरी चालन, पण पारीवर तो पाणी मागणारा माणूस येते, तेवढा राहू दे."

"चाळिसाव्या पानावरचा? तो तं ठेवलाच हाये," रेणू हसली. "त्याच्याशिवाय कसं होईन?"

परसबोडीच्या मंडईला दिवसभर दंडार नाचली, ऊस आणि शिंगाडे विकले गेले, नवीन जोडप्यांना सगळ्यांनी आपापल्या घरी चहाला ओढलं. दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात पडदा लागला. मनिराम पहिल्या रांगेत बसला होता पण त्याला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, त्याचं सगळं लक्ष मागे होतं. मागे हसू फुटलं, शिट्ट्या वाजल्या, आपापली माणसं ओळखून लोक ओरडले. पार बांधताना एक फाटका माणूस येऊन पाणी मागतो, सगळे कामात असतात, कोणी त्याच्याकडे पाहत नाही आणि तो निघून जातो, हे दृश्य आलं आणि गेलं. कोणी काही म्हटलं नाही. तहाण्याची नुसती सावली भिंतीवर पडली तर शालीकरामची बायको "हे बाई, हेच ते!" म्हणून उठली. मग चौथं दार आलं. लहरीनं कडीवर हात ठेवला, आणि पडदा काळा झाला.

काळ्या पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली. भूपेंद्रनं रात्रंदिवस लग्नाचीच कामं केलेली, त्याच्याकडे अक्षरांचा एकच साचा तयार होता. वर गणपती, दोन्ही बाजूंना मोर, आणि मध्ये:

"उरलेली गोष्ट मुर्रीच्या मंडईत. सहकुटुंब सहपरिवार अगत्य यावे ही विनंती. निमंत्रक : भूपेंद्र व समस्त परिवार, मुर्री."

टाळी वाजली नाही. कोणी शिट्टी मारली नाही. लोक एकमेकांकडे बघत उठले आणि हळू आवाजात काहीतरी बोलत घरोघर गेले. मनिराम खुर्चीवर तसाच बसून राहिला.

"झालं," तो धुरपताबाईला म्हणाला. "उठले."

"फिलम सरली तं उठणार नाहीत का?" ती म्हणाली. "तितंच निजतीन?"

पण पुढचे दिवस पाहता तिचं म्हणणं मनिरामला पटेना. गावात कोणी फिल्मचं नावच काढेना. पानठेल्यावर दहाजण घोळका करून असायचे, मनिराम दिसला की गप्प. विहिरीवर बाया हसत असायच्या, तो आला की घागरी उचलायच्या. शालीकराम तर रस्ता बदलून जाऊ लागला. मनिराम समजायचं ते समजला. यांना आवडली नाही, आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही. पुस्तकाच्या वेळी निदान "पारीवर आलो" असं खोटं तरी बोलत होते.

मुर्रीच्या मंडईच्या आदल्या दिवशी नवरा-बायको गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये बसली. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत म्हणून धुरपताबाईनं नव्या धानाचे पोहे आणि शिंगाडे बांधून घेतले होते. गाडीत मनिराम सगळा वेळ खिडकीबाहेर धान कापलेल्या बांध्या पाहत होता.

"मुर्रीचे लोक पाहतीन ना," धुरपताबाई म्हणाली.

"मुर्रीचे पाहतीन. पण लिवलो मी यायच्यासाठी," तो म्हणाला. परसबोडी मागे राहिली त्या बाजूला त्यानं हात केला.

त्या संध्याकाळी मुर्रीकरांना पहिला भाग दाखवला गेला. मनिराम डोकं दुखतं म्हणून घरातच बसला. डोकं दुखत नव्हतं.

मंडईचा दिवस उजाडला. भूपेंद्रची आई रुख्मिणीबाई, तिला कामाचा उरक मोठा आणि तोंडाचाही. पाहुणे येणार म्हणून तिनं सकाळपासून वडे तळायला घेतले होते. व्याही, विहीण, नणंदा, त्यांची मुलं, एवढ्यांना पुरून उरेल असा स्वयंपाक. मनिराम अंगणात खाटेवर बसला होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ढोलक वाजलं.

शेजारचा मुन्नालाल धावत आला. त्याचं किराणा दुकान कोपऱ्यावर होतं, तिथून सगळं आधी दिसायचं. "भाभीजी!" तो ओरडला. "बाहर आओ! आपके यहाँ पूरा गाँव आ रहा है!"

रुख्मिणीबाई झारा हातात घेऊनच बाहेर आली. मनिरामही उठला. स्टेशनच्या बाजूनं ऑटो येत होते, ऑटोत मावले नाहीत ते चालत येत होते. पुढे ढोलक, मागे बाया, डोक्यावर गाठोडी. पानठेलेवाला होता. विहिरीवरच्या सगळ्या बाया होत्या. सैन्यातली पोरं होती, दंडारीची मंडळी होती, ज्यांच्या गुडघ्यांना खाटेवरून उठवत नाही अशी म्हातारी माणसं होती. मागून गावच्या धान-मिलचा ट्रक आला, त्यात उरलेलं परसबोडी उभं होतं. सर्वांच्या पुढे धोतर-टोपी घालून शालीकराम, जसा नवरदेवाचा मामा.

"राम राम, विहीणबाई," शालीकरामनं हात जोडले. "आलो आमी."

"राम राम," रुख्मिणीबाई म्हणाली. पाहुण्याला दारात हसून घ्यायचं एवढं तिच्या हाडीमाशी होतं, म्हणून ती हसली. मग मान वळवून तिनं लेकाला दबक्या आवाजात विचारलं, "भूप्या, कोणाकोणाले बलावलास रे?"

"मी कोणाले नाही बलावलो आई!"

शालीकरामला ऐकू गेलं. त्यानं खिशातून मोबाईल काढून समोर धरला. पडद्याचा फोटो होता. गणपती, मोर, सोनेरी अक्षरं. "सहकुटुंब सहपरिवार," त्यानं बोट ठेवून वाचलं. "निमंत्रक, समस्त परिवार, मुर्री. मंडईचं बलावणं हाये का नाही जवाई? आमी तं सहकुटुंब आलो."

आता मंडईचं बोलावणं म्हणजे जेवणाचं बोलावणं, हे इथल्या तान्ह्या लेकरालाही ठाऊक असतं. रेणूनं कपाळावर हात मारला. तो साचा तिनं पाहिला होता, पण तिलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, इतकी ती अक्षरं डोळ्यांत बसलेली.

मनिरामला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचा बाप आधीच तिच्या सासरी भीत-भीत पाणी पितो, आणि इथे तर त्याचं सगळं गाव जेवायला उतरलं होतं. तो पुढे झाला. "शालीकराम, अरे, हे का केलास? मले सांगाचं तरी!"

"तुले सांगतलं असतं तं तू हात जोडून आडवा पडला असतास," शालीकराम म्हणाला. "पोरीच्या घरी वझं नोको म्हणून. म्हणून तं गावभर सांगून ठेवलो का मनिरामभाऊसमोर तोंड उघडाचं नाही. सात दिवस पोटात ठेवलो बाप्पा. तुले पाहिलं का मी दुसऱ्या गल्लीनं पळत होतो!"

मनिरामनं विचारलं, "मंग तुमाले आवडली?"

"आवडली का म्हणून का विचारतेस? त्या दाराच्या आत का हाये, ते सांगून दे पयले! माही बायको झोपून नाही राहिली. पोरगी सांगून नाही राहिली. धुरपतावहिनीले विचारलो तं ते म्हणते, फिलमीत पाह्य. आता एवढ्यासाठी एवढ्या दूर आलो, अना तू विचारून राहिला आवडली का!"

मनिरामनं धुरपताबाईकडे वळून पाहिलं. तिला ठाऊक होतं! पॅसेंजरमध्ये सगळा वेळ तो सुतकी चेहरा करून बसला होता आणि ती शेजारी शिंगाडे सोलत होती. ती पदरानं तोंड झाकून हसत होती, आणि मनिरामला आयुष्यात पहिल्यांदा बायकोचा एवढा राग आणि एवढं प्रेम एकाच वेळी आलं.

इकडे बायांनी गाठोडी ओसरीवर उतरवायला सुरुवात केली होती. रेणू ही एकट्या मनिरामची लेक नव्हती, गावची लेक होती. तिच्या सासरी कोण रिकाम्या हातानं येतं? प्रत्येक गाठोड्यात नवा तांदूळ, कोणाच्यात लाखोळीची डाळ, कोणाच्यात भाजी. मिलच्या ट्रकातून तर स्वयंपाकाची दोन मोठी भांडी, गंजंच उतरली. रुख्मिणीबाईनं ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा खरं झालं.

"भूप्या, मुन्नालालच्या अंगणात चूल मांड," तिनं झारा उंचावून सांगितलं. "रेणू, सगळ्यायले आधी पाणी दे. उभेच आहेत लोक. एवढ्या दुरून आलेत, पाणी तं विचारा!"

मुर्रीची गल्ली उघडली. प्रत्येक घरानं पाचपाच-सातसात पाहुणे आत ओढले. मुन्नालालनं दुकानातले पेले काढले आणि "पानी लो जी, पानी लो" करत फिरू लागला. दुपारी पंगती बसल्या, परसबोडीच्या बाया वाढायला उठल्या तेव्हा मुर्रीच्या बायांनी त्यांच्या हातातली भांडी हिसकावून घेतली, त्यावरून थोडं भांडण झालं, ते भांडणही गोडच होतं. मनिराम पंगतीत बसला होता आणि पहिल्यांदाच लेकीच्या घरी पोटभर जेवला.

अंधार पडला तसा दुसरा भाग सुरू झाला. या वेळी मनिराम पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून बसला. त्याला चेहरे पाहायचे होते. कडीवर हात ठेवून थांबलेल्या लहरीनं दार लोटलं तेव्हा सगळ्यांनी एकदम सोडलेला श्वास त्यानं ऐकला. माशांची पालखी उडाली, पोरं उभी राहिली. धुरपताबाई राणी होऊन आली आणि आपलं एकच वाक्य बोलली, त्याला मुर्रीकरांनी शिट्ट्या मारल्या. धुरपताबाईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शालीकराम तहाण्या होऊन गरजला तेव्हा लहान पोरं आयांच्या कुशीत शिरली, आणि स्वतः शालीकराम खुर्चीच्या कडेवर येऊन बसला. आपण मरतो की जगतो ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

सातवं दार उघडलं. आत अंधार. लहरीनं तलवार वर केली, दिवा पुढे धरला. दिव्याच्या उजेडात तो धिप्पाड राक्षस नव्हताच. एक फाटका माणूस भिंतीला टेकून बसला होता, ओठ सुकलेले. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "थोडं पाणी मिळेल का?"

पटांगणात मग शालीकराम ताडकन उभा राहिला.

"अरे, हा तं तोच!" तो ओरडला. "पारीवरचा! चाळिसाव्या पानावरचा! याले कोणी पाणी नव्हतं देल्लं!"

"हो ना जी! म्याही वाचलो होतो!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मीबी! माती तुडवत होते तवा आला होता!"

"आपुनबी पाहिलो नाही त्याच्याकडे!"

एकेक करत सगळं परसबोडी बोलू लागलं. चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटलेली सगळी माणसं, पानठेलेवाला, विहिरीवरच्या बाया, म्हातारी माणसं. सगळ्यांना तो माणूस आठवत होता. मनिरामनं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं की यांनी काही वाचलं नाही. यांनी नेमकं तेवढंच वाचलं होतं जेवढ्याशिवाय शेवट कळलाच नसता. तो बाजूला बसून ढसाढसा रडू लागला, आणि कोणी पाहील याची त्याला लाज वाटली नाही.

पडद्यावर लहरीनं तलवार खाली ठेवली, कमरेचा लोटा सोडला आणि त्या माणसाच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो प्यायला. मग सोनबोडीचं तळं काठोकाठ भरताना दिसलं, ड्रोनमधून, परसबोडीचं तळं, सगळ्यांच्या ओळखीचं. टाळ्या थांबेनात. रुख्मिणीबाई डोळे पुसत उठली आणि समोर दिसेल त्या पाहुण्याला पुन्हा पाणी विचारू लागली.

लोक उठायला लागले तेव्हा शालीकराम मनिरामजवळ आला. शेजारी बसला.

"मनिरामभाऊ," तो म्हणाला, "रेणू म्हणत होती, फिलमीत बरंच सोडा लागलं. पुस्तकात अजून लय हाये म्हणे."

"हाये ना. सहावं दार तं पुस्तकात याच्या चौपट हाये."

शालीकरामनं मान हलवली. "घरी गेलो का देवाजवळून काढतो ते. उद्यापासून वाचतो."

मनिरामनं टोपीनं डोळे पुसले.

"हळदकुंकू झटकून घेजो आधी," तो म्हणाला. "अना माती आली का दोन पानं गाळजो. माहं काही म्हणणं नाही."